परिचारिकेचे बोलणे आणि तिची कायदेशीर जबाबदारी

1993 साल संपत आले असता दिल्लीतील एका खासगी रुग्णालयात टायफॉइडने आजारी असलेला एक लहान मुलगा दाखल झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तेथे जे घडले त्याचा निवाडा होण्यासाठी ते प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगामार्गे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वॉर्डातील परिचारिकेने मुलाच्या वडिलांना एक इंजेक्शन आणावयास सांगितले. त्यांनी ते तत्परतेने आणून तिच्या स्वाधीन केले. तिने ते शिरेतून दिले. आणि औषध अंगात जाते न जाते तोच मुलगा कोसळला, त्याच्या हृदयाची क्रिया थांबली, मेंदूला भरून न येणारी इजा झाली आणि जन्मभराची परस्वाधीनता त्याच्या वाट्याला आली. दिलेले औषध हिवतापावरचे होते. मार्च 1998 मध्ये दिलेल्या निर्णयात न्यायालयाने मुलाला साडेबारा लाख रुपये आणि मातापित्यांना त्यांच्या मनस्तापापोटी पाच लाख रुपये देवविले. आणि ज्या बाईच्या हाती ते मूल सोपविण्यात आले होते ती पात्र परिचारिका नव्हती, कोणत्याही राज्याच्या परिचर्या परिषदेच्या पटावर तिचे नाव नव्हते, ही कसूर रुग्णालयाच्या पदरी बांधली.

या निर्णयाची चर्चा आजवर नुकसानभरपाई आणि नोंदणी या दोन मुद्द्यांभोवती फिरत आली, आणि ते योग्यही आहे. परंतु आपल्या रुग्णालयांतून औषध मागविण्याची जी वहिवाट पडलेली आहे तिच्याकडे या प्रकरणाच्या उजेडात पाहिले असता आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसू लागते. चिठ्ठी हाती ठेवावयाची, 'हे पटकन घेऊन या' म्हणावयाचे, आणलेली बाटली फोडावयाची आणि सुई टोचून पुढच्या खाटेकडे वळावयाचे, एवढ्यातच आपल्याकडील परिचारिका आणि रुग्णाचे नातेवाईक यांच्यातील सारा संवाद पुष्कळदा आटोपतो. औषध कशावरचे, कोणी व केव्हा लिहून दिले, पूर्वी हे घेतले असता काही त्रास झाला होता काय, असे दोन-तीन प्रश्न मोठ्याने विचारले गेले आणि त्यांची उत्तरे ऐकून घेतली गेली, तर औषधाच्या नावातली गफलत सुईच्या टोकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच उघडकीस येण्याची पुष्कळ शक्यता असते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टींची खातरजमा करणे हे परिचारिकेचे कायद्याला अभिप्रेत असलेले कर्तव्य आहे, आणि ती खातरजमा केवळ डोळ्यांनी होत नाही, ती बोलण्यातून होते. म्हणूनच परिचारिकेच्या बोलण्याकडे स्वभावाचा गोडवा किंवा संस्काराचे भूषण म्हणून पाहण्याची आपली सवय मला अपुरी वाटते. ते बोलणे उपचाराचा भाग आहे, आणि उपचाराचा भाग असल्यामुळेच ते कायदेशीर जबाबदारीचाही भाग आहे.

परिचर्येच्या अभ्यासक्रमात मात्र या दोन गोष्टींची घरे वेगळी आहेत. एका प्रकरणात हलगर्जीपणा, संमती, गोपनीयता, नोंदी वगैरे कायद्याचा विषय येतो. दुसऱ्या एखाद्या प्रकरणात उपचारक संवादाची तंत्रे येतात. आणि परीक्षेपुरते पाठ करून विद्यार्थिनी जेव्हा वॉर्डात उभी राहते तेव्हा पहिल्याचे भय तिच्या मनात घर करून असते आणि दुसरे विस्मरणात गेलेले असते. वस्तुतः आधुनिक परिचर्येच्या मुळाशी ही फारकत नव्हती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येवरील आपल्या सुप्रसिद्ध पुस्तकात स्वच्छ हवा आणि उजेड यांच्याइतक्याच गांभीर्याने, रुग्णाच्या खोलीत किंवा दाराबाहेर चाललेल्या कुजबुजीने त्याला होणाऱ्या यातनेचा आणि भेटावयास येणाऱ्यांनी उधळलेल्या पोकळ आशावादाचा विचार केलेला आहे. पुढे 1952 साली अमेरिकेतील हिल्डगार्ड पेप्लाउ यांनी परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील परस्परसंबंध हाच परिचर्येचा गाभा मानून ग्रंथ लिहिला आणि या विचाराला शास्त्राची बैठक दिली. आपल्या महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर 1909 साली पुण्यात सेवासदनाची स्थापना झाल्यानंतर रमाबाई रानडे यांनी विधवा आणि निराधार स्त्रियांसाठी परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी करून देण्यासाठी जी खटपट केली, तिला तत्कालीन समाजाचा विरोध झाला तो प्रामुख्याने या कारणासाठी, की परक्या माणसाच्या अंगाला हात लावणे आणि परक्या माणसाशी मोकळेपणाने बोलणे या दोन्ही गोष्टी कुलीन स्त्रीस वर्ज्य मानल्या जात होत्या. त्या स्त्रियांनी स्पर्शाचा अधिकार मिळविला. बोलण्याचा अधिकार मात्र अजून पुरता मिळालेला नाही.

संमतीचाच विषय घ्या. 2008 सालच्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले, की तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही, प्रौढ आणि निर्णय घेण्यास सक्षम असलेल्या रुग्णाच्या वतीने तिच्या आईने दिलेली परवानगी कामास येत नाही, आणि संमती खरी ठरावयाची तर रुग्णाला उपचाराचे स्वरूप, हेतू, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती दिली गेलेली असली पाहिजे. ही माहिती देण्याचे कर्तव्य डॉक्टरांचे आहे, याविषयी संदेह नाही. तथापि शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळी छापील संमतीपत्र घेऊन खाटेशी जाते ती बहुधा परिचारिका, 'इथं सही करा, इथं अंगठा लावा' असे म्हणते ती परिचारिका, आणि साक्षीदार म्हणून त्या दस्तऐवजावर नाव घालते तीही पुष्कळदा परिचारिकाच. शस्त्रक्रियेची वैद्यकीय बाजू समजावून सांगण्याच्या फंदात तिने पडू नये, कारण तो तिचा अधिकार नव्हे. परंतु समोरच्या माणसाला सांगितलेले समजले आहे की नाही याचा अंदाज घेणे आणि समजलेले नसेल तर तो कागद तसाच परत नेऊन डॉक्टरांना तसे कळविणे हे तिच्या अधिकारात आहे.

हा अंदाज घ्यावयाचा कसा, याचे उत्तर इंग्रजी पाठ्यपुस्तकात पूर्णपणे सापडणार नाही. आपल्याकडील ग्रामीण माणूस, विशेषतः वयस्क स्त्री, पांढऱ्या पोशाखातील माणसाने 'समजलं ना?' असे विचारले असता 'हो, हो' असेच म्हणणार. ते 'हो' समजल्याची कबुली नसते, ती समोरच्याचा मान राखण्याची रीत असते. आणि ज्या समाजात मोठ्या माणसाला उलट प्रश्न विचारणे उद्धटपणाचे समजले जाते तेथे त्या 'हो'वर विसंबून अंगठा घेणे ही संमती नव्हे, तिचा केवळ देखावा होय. 'आजी, उद्या तुमचं काय करणार आहेत, साहेबांनी तुम्हाला काय सांगितलंय, तुमच्या शब्दांत सांगा बरं मला' असे विचारणारी परिचारिका पाच मिनिटे अधिक खर्च करते, परंतु त्या पाच मिनिटांत आजीच्या मनातील भीती, गैरसमज आणि क्वचित 'पिशवी काढणार आहेत हे मला कोणी बोललंच नाही' यासारखी गंभीर गोष्टही बाहेर पडते. ती शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी बाहेर पडण्यापेक्षा वॉर्डात बाहेर पडलेली सर्वांच्याच हिताची आहे.

याहूनही कठीण प्रसंग रात्रपाळीचा. दिवसभर नातेवाइकांच्या गराड्यात गप्प बसलेला माणूस मध्यरात्री सलाईन बदलावयास आलेल्या परिचारिकेला हळू आवाजात विचारतो, 'सिस्टर, मला कॅन्सर झालाय का हो?' रोगनिदान जाहीर करण्याचा अधिकार तिला नाही. केसपेपरवर काय लिहिले आहे ते तिला ठाऊक आहे. आणि बाहेर बाकावर झोपलेल्या मुलाने सायंकाळीच 'बाबांना काही सांगू नका' म्हणून गळ घातलेली आहे. अशा वेळी आपल्याकडे जे उत्तर सहज ओठावर येते ते असे: 'छे हो, काही नाही झालेलं, झोपा तुम्ही.' उत्तर देणाऱ्या बाईच्या मनात दयाच असते, यात मला शंका नाही. पण या उत्तराने एका घावात तीन गोष्टी बिघडतात. ते असत्य असते. ते माणसाचा प्रश्न विचारण्याचा धीर खचवून टाकते, कारण पुन्हा विचारले तरी हेच ऐकावयास मिळणार हे त्याला कळून चुकते. आणि उद्या खरे बाहेर आल्यावर त्या वॉर्डातील कोणाच्याही शब्दावर त्याचा भरवसा उरत नाही. खोटा दिलासा हा उपचारक संवादातील एक मोठा अडथळा म्हणून पुस्तकांत शिकविला जातो तो याचसाठी.

मग तिने करावयाचे काय? हातातले काम क्षणभर बाजूस ठेवून तिने खाटेशेजारी बसावे आणि 'तुम्हाला असं का वाटलं?' एवढेच विचारावे. उत्तर यावयास वेळ लागेल. तो वेळ तिने शब्दांनी भरून काढू नये, कारण अशा प्रसंगी तिचे गप्प बसणे हेच तिचे बोलणे असते. मग कदाचित कळेल, की वडील याच आजाराने गेले. कदाचित कळेल, की दोन मुलींची लग्ने व्हावयाची आहेत. कदाचित असेही कळेल, की त्याला सारे अगोदरच ठाऊक असून केवळ कोणी तरी खरे बोलते की नाही हे तो पाहत होता. त्यानंतर तिने सांगावे: 'रिपोर्टचं साहेबच सांगतील, ते मी सांगायचं नसतं. पण सकाळी राउंडला मी तुमच्याजवळ थांबते, तुम्ही विचारा त्यांना.' आणि ड्यूटी संपण्यापूर्वी, रुग्ण निदानाविषयी विचारीत आहे, त्याला माहिती हवी आहे, ही नोंद तिने कागदावर करून सकाळच्या पाळीला ओव्हर देताना तोंडीही सांगावे. प्रौढ आणि सुबुद्ध माणसाला त्याच्या स्वतःच्या शरीराविषयीची माहिती मिळण्याचा हक्क आहे. मुलाच्या काळजीपोटी आलेली विनंती आदराने ऐकून घ्यावी, परंतु तिच्यामुळे बापाचा हक्क रद्दबातल होत नाही. या एका प्रसंगात परिचारिकेने आपल्या अधिकाराची मर्यादा पाळली, रुग्णाच्या हक्काचे रक्षण केले, नोंदीचे कर्तव्य बजावले आणि एका घाबरलेल्या माणसाला सोबत दिली. यांतील कायदा कोठे संपला आणि परिचर्या कोठे सुरू झाली, ते मला तरी दाखविता येत नाही.

रुग्णाशी बोलावयाचे धैर्य एक वेळ येते. वरिष्ठांशी बोलावयाचे येत नाही. वैद्यकीय हलगर्जीपणाच्या भारतीय कायद्याचा पाया ज्या निर्णयांनी घातला त्यांतील एक तर आपल्याच मातीतला आहे. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या वाळूवर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला तेथून पुण्यास आणून एका रुग्णालयात दाखल केले. तेथे पुरेशी भूल न देता, तिघा मदतनिसांकरवी जखमी पाय ओढून हाड बसविण्याचा प्रयत्न झाला, आणि त्याच दिवशी रात्री तो तरुण मरण पावला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. पंधरा वर्षांनी, 1968 साली, सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देताना वैद्याची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्णास हाती घ्यावे की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना बाळगावयाची काळजी. तो निर्णय वाचताना माझे मन दर वेळी त्या तीन मदतनिसांपाशी अडखळते. पाय ओढत असताना त्या मुलाचा चेहरा त्यांना दिसला असला पाहिजे. ते हुकमाचे ताबेदार होते. त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांच्याकडून बोलण्याची अपेक्षाही कोणी केली नाही.

आजची नोंदणीकृत परिचारिका त्या अर्थाने हुकमाची ताबेदार नाही. तिला स्वतंत्र शिक्षण आहे, तिचे नाव राज्य परिषदेच्या पटावर आहे, आणि डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा उघडउघड अवाजवी असेल, ज्या औषधाचे रुग्णाला वावडे असल्याची नोंद आहे तेच लिहिले गेले असेल, किंवा रक्तदाब घसरत असताना निरोप देऊनही कोणी येत नसेल, तर 'साहेबांनी सांगितले म्हणून केले' किंवा 'मी एकदा फोन केला होता' एवढ्या कैफियतीवर न्यायालयापुढे तिचा निभाव लागेलच असे नाही. परंतु प्रत्यक्षात रात्री दोन वाजता झोपेतून उठवलेल्या निवासी डॉक्टरला 'सर, ही मात्रा पुन्हा एकदा सांगता का?' असे विचारावयाचे म्हणजे अंगावर ओरडा ओढवून घेण्याची तयारी ठेवावी लागते. फोनवरचा तोंडी आदेश ऐकल्याबरोबर तो शब्दशः परत म्हणून दाखविणे, वेळेसह लिहून ठेवणे आणि सकाळी त्यावर डॉक्टरांची सही घेणे ही साधी शिस्त आहे. ती पाळणाऱ्या परिचारिकेला चिकित्सक समजण्याऐवजी खोचक समजले जाते, हे आपल्या रुग्णालयांतील कारभाराचे दुखणे आहे. जेथे कनिष्ठाने शंका काढणे हा उपमर्द ठरतो तेथे चुका होतात, आणि त्या निस्तरावयास न्यायालये लागतात.

गोपनीयतेविषयी फार लिहीत नाही. एचआयव्ही आणि एड्सविषयक 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आहे आणि रुग्णाच्या लेखी संमतीवाचून त्याची ही अवस्था दुसऱ्यास कळविणे, काही मोजके अपवाद सोडता, त्याने निषिद्ध केले आहे. तरीही खाटेच्या डोक्याशी लावलेली खूण, केसपेपरवर लाल शाईने काढलेले वर्तुळ, किंवा मावशींना दुरूनच 'त्या पेशंटला हातमोजे घालून' असे मोठ्याने बजावणे, यांतून ती गोष्ट अर्ध्या घटकेत साऱ्या वॉर्डाला कळते. मानसिक आरोग्यसेवेच्या 2017 च्या कायद्याने रुग्णास एकांतात कोंडण्यास मनाई केली आणि बांधून ठेवण्यावर कडक बंधने घातली. म्हणजेच खवळलेल्या माणसाला शब्दांनी शांत करण्याचे कौशल्य ही ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरी येथील मनोरुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेची आता कायदेशीर गरज झाली.

पण काही ठिकाणी कायदाच परिचारिकेला मौन सोडावयास लावतो, आणि तेथे संवादाची खरी कसोटी लागते. ऊसतोडीच्या हंगामापूर्वी घाईघाईने लग्न लावून दिलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी प्रसूतीसाठी ग्रामीण रुग्णालयात येते. सोबतची सासू वय एकोणीस सांगते. आणि कळा देणाऱ्या त्या मुलीच्या तोंडून बोलता बोलता खरे वय निसटते. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या 2012 च्या कायद्यान्वये ही माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कळविले तर मुलीचा नवरा, कदाचित बापही, अडचणीत येणार. आणि ही वार्ता वाडी-तांड्यावर पोहोचली तर पुढच्या मुलीला रुग्णालयात न आणता घरीच बाळंत करण्याकडे कल जाणार, हे परिचारिकेला चांगले ठाऊक असते. कायद्याचा हेतू वाजवी आहे आणि त्याला बगल द्यावी असे मी कदापि म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की त्या मुलीला हे सांगावयाचे कसे, याचे शिक्षण आपण कोणालाच दिलेले नाही. तिच्याकडून गोड बोलून वय काढून घ्यावयाचे आणि तिच्या पाठीमागे चौकीत वर्दी द्यावयाची, हा विश्वासघात आहे. आपल्याला काय कळविणे भाग आहे हे आरंभीच, सासूला बाहेर पाठवून, तिला समजेल अशा भाषेत सांगणे. बाळंतपणाची सेवा कशानेही थांबणार नाही याची हमी देणे. पोलीस आले असता तिच्या जवळ उभे राहणे. बालकल्याण समिती म्हणजे काय ते उलगडून सांगणे: एवढे केले तर तोच कायदा तिला शिक्षेसारखा न भासता आधारासारखा भासण्याची निदान शक्यता तरी उरते.

ज्याच्याशी बोलावयाचे तो उत्तरच देऊ शकत नसेल तर? या प्रश्नाचे उत्तर मुंबईने साऱ्या देशाला दिलेले आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर त्याच रुग्णालयात अमानुष हल्ला झाला, आणि 18 मे 2015 रोजी त्यांचे देहावसान होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ज्यांनी अरुणाबाईंना धडधाकट असताना पाहिलेही नव्हते अशा मुली नोकरीत येत, वरिष्ठ त्यांना त्या खोलीत नेत, आणि त्या त्यांना भरवीत, कूस बदलीत, त्यांच्याशी बोलत. इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला शय्याव्रण झाले नाहीत, याचा न्यायालयाने गौरवाने उल्लेख केला. त्यांना दयामरण मिळावे अशी याचिका आली तेव्हा मार्च 2011 मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न सोडविला: तो याचिका करणाऱ्या लेखिकेचा नव्हे, तर केईएममधील कर्मचारीवृंदाचा. रक्ताचे नाते नव्हते, मुखत्यारपत्र नव्हते. आवाजाला उत्तर न देणाऱ्या माणसाशी वर्षानुवर्षे बोलत राहिल्याने, कोणता पदार्थ आवडतो, कशाने अस्वस्थता येते आणि कशाने चेहरा निवळतो हे जाणून घेतल्याने जे नाते तयार झाले, त्याला या देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने कायदेशीर दर्जा दिला. परिचारिकेचा संवाद आणि तिचे कायद्यातील स्थान यांचा याहून थोर पुरावा मला ठाऊक नाही.

आता या साऱ्या अपेक्षा करणाऱ्या शासनाने आपल्याकडून काय दिले, तेही तपासले पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि अन्य रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात तीस-चाळीस खाटांचा आणि जमिनीवर अंथरलेल्या आणखी काही गाद्यांचा वॉर्ड रात्रपाळीला एकटीच्या हवाली असल्याचे दृश्य ज्याने सरकारी रुग्णालय पाहिले आहे त्याला अपरिचित नाही. त्या बाईला इंजेक्शने वेळेवर द्यावयाची आहेत, सलाईन संपण्यापूर्वी बदलावयाची आहे, औषधसाठ्याचा हिशेब आणि नोंदवह्यांचे दप्तर पुरे करावयाचे आहे, आणि मध्येच नातेवाइकांचा जमाव अंगावर धावून आला तर स्वतःचा जीवही सांभाळावयाचा आहे. परिचारिकांसह सर्व वैद्यकीय सेवकांवरील हिंसाचाराला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगणारा महाराष्ट्राचा 2010 चा कायदा आहे, पण मध्यरात्री वॉर्डाच्या दाराशी तो उभा राहत नाही. खाटेशी बसून 'तुम्हाला असं का वाटलं?' असे विचारावयास वेळ लागतो, आणि वेळ हा मंजूर पदे भरण्यातूनच निर्माण होतो.

दुसरी गोष्ट अधिक जाचक आहे आणि तिची दखल फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. 1860 च्या दंडसंहितेत हलगर्जीपणाने मृत्यू घडविल्यास डॉक्टर असो, परिचारिका असो की गाडीवान असो, कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेच्या कलम 106 ने ती पाच वर्षांवर नेली आणि वैद्यकीय उपचार करताना झालेल्या कृत्यापुरती नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी ती दोन वर्षांपर्यंत मर्यादित ठेवली. ही सवलत गैर नाही. परंतु त्या संज्ञेची जी व्याख्या तेथे दिलेली आहे तीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखालील पदवी आणि नोंदणी असलेलेच येतात, परिचारिका येत नाही. म्हणजे एकाच खाटेशी, एकाच रात्री, एकाच चुकीच्या साखळीत सापडलेल्या दोघांपैकी आदेश देणाऱ्यास दोन वर्षांची आणि तो अमलात आणणारीस पाच वर्षांची कमाल शिक्षा होऊ शकते. 2005 साली फौजदारी हलगर्जीपणाविषयी सर्वोच्च न्यायालयाने जी संरक्षक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली त्यांतही शब्द डॉक्टरांचाच आहे. शिक्षेचे असे सावट डोक्यावर असताना कोणती परिचारिका आपली शंका उघडपणे बोलून दाखवील आणि आपली चूक वेळीच कबूल करील? भयाने माणसे कागद नीटनेटके करतात आणि तोंड मिटून घेतात.

1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी 2023 चा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत झालेला आहे आणि त्यात आचारनीती व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. या आयोगाने अभ्यासक्रम आखताना कायदा आणि संवाद यांची एकत्र प्रात्यक्षिक परीक्षा ठेवावी, आणि ती परीक्षा जिल्ह्यातील रुग्ण जी भाषा बोलतात त्या भाषेत घ्यावी: नंदुरबारात भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, खानदेशात अहिराणी. केरळातून मुंबईत आलेल्या परिचारिकांनी कोणी न शिकविता रुग्णांकडूनच मराठी आत्मसात केली. जे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केले ते शिक्षणसंस्थांना पद्धतशीरपणे करता येऊ नये, असे काही नाही. राज्य शासनाने रिक्त पदांची भरती कंत्राटावर न ढकलता नियमित करावी. आणि महाराष्ट्रातून संसदेवर गेलेल्या सदस्यांनी, पक्ष कोणताही असो, कलम 106 च्या स्पष्टीकरणात नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका यांचा समावेश करणारी दुरुस्ती येत्या अधिवेशनात मांडावी.